डांगीचा डावा पाय

शनिवारी सकाळी डॉक्टर प्रफुल्ल खैरनार पेठकडची फेरी आटोपून नाशिक रोडच्या आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांच्या गाडीचा वेग ताशी शून्य किलोमीटर होता. गाडीतला काटा तसं स्पष्ट सांगत होता. घाट उतरताना तो शून्यावर होता, पाण्याच्या टँकरला मागे टाकताना शून्यावर होता, आणि सोसायटीच्या वॉचमनने दचकून फाटक उघडलं तेव्हाही शून्यावरच होता. काट्याभोवती पिवळे दिवे मात्र दिवाळीसारखे लखलखत होते.

डॉक्टर जनावरांचे होते. पेठ रस्त्यावरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक होती आणि वरच्या पाड्यांवरची गुरं त्यांच्या हाताखालची. तिथे साधी गाडी चढत नाही, म्हणून त्यांनी ही चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली होती. गाडी पांढरी, टप काळा. डॉक्टरांनी तिचं नाव डांगी ठेवलं होतं. डांगी ही त्या डोंगरातल्या गुरांची जात. मुसळधार पाऊस असो, दगडधोंडे असोत, ती कुरकुरत नाही. गाडी अधूनमधून कुरकुरायची, पण नाव ठेवल्यावर ते बदलायचं कसं, म्हणून डॉक्टर तिकडे दुर्लक्ष करत.

"पुन्हा?" मोहिनीने खिडकीतूनच विचारलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याची चाल कळत होती. सगळं ठीक असलं की ते किल्ली बोटावर गरगर फिरवत यायचे. आज किल्ली मुठीत होती.

"किरकोळ आहे," डॉक्टर म्हणाले. "डांगी जरा नरम आहे."

"नरम म्हणजे?"

"काटा चढत नाही, फोर व्हील लागत नाही. बाकी तब्येत उत्तम. खातेय, पितेय."

"पितेय ते पंपावर कळतंच," मोहिनी म्हणाली.

मोहिनी शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या मनात केव्हापासूनच एक छोटी, लाल, ऑटोमॅटिक गाडी घर करून होती. त्यासाठी तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन्स काढलं आणि मग रोज स्कूटीवरून शाळेत जाऊ लागली, कारण पार्किंगच्या जागेत डांगी आडवी पसरलेली असायची. तिला डांगीचा राग होता. गाडीत शेणाचा वास येतो, हे तिचं म्हणणं. तो वास नसून सुगंध आहे, हे डॉक्टरांचं.

बातमी चांदवडला पोचायला वेळ लागला नाही. चहा होतोय तोच हिरामणचा फोन आला. हिरामण हा मोहिनीचा थोरला भाऊ, चांदवडचा कांद्याचा व्यापारी. कांदा आणि जुनी गाडी नेमकी कधी बाहेर काढावी हे आपल्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"दाजी, गिऱ्हाईक तयार हाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो नि डांगीला घेऊन जातो. लय झाले तिचे लाड. गाडी हाय का माहेरवाशीण?"

"हिरामणराव, गाडी विकायची नाही."

"बिघडली ना पर पुन्हा?"

"बिघडली नाही. आजारी आहे. फरक असतो."

"काय फरक असतो?"

"बिघडलेली वस्तू विकतात. आजारी जनावराला औषध देतात."

"आन् औषध लागू नाय पडलं तर?"

आता डॉक्टरांच्या निदानावरच कुणी शंका घेतली म्हटल्यावर गोष्ट हातघाईवर येणार, हे मोहिनीने ओळखलं. तिने फोन आपल्याकडे ओढला. "दादा, थांब. मी सांगते काय ते. आज संध्याकाळपर्यंत हे दुखणं शोधून काढतील. दोष गाडीचाच निघाला, तर तू उद्या ये आणि तिला घेऊन जा. पण कुणा माणसाने काही उपद्व्याप करून ठेवला असेल, तर त्यात गाडी बिचारीचा काय दोष? मग ती राहील आणि मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही. कबूल?"

"कबूल!" डॉक्टर इतक्या झटकन म्हणाले, की मोहिनीलाच संशय आला.

पण डॉक्टरांना खात्री होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक सिद्धान्त बनवला होता आणि तो प्रत्येक गोठ्यात ऐकवला होता: जनावर आपणहून आजारी पडत नाही, पाळणारा पाडतो. गाय फुगली की ते आधी मालकाकडे बघत आणि विचारत, "काय खायला घातलंस?" बैल लंगडला की विचारत, "कुठं घेऊन गेला होतास?" मालक आधी नाही नाही म्हणायचा आणि शेवटी कबूल व्हायचा. डांगीच्या बाबतीतही कुणीतरी काहीतरी केलंच असणार. तो माणूस पकडला की गाडी वाचली. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या.

"संशयित तीन," ते म्हणाले. "एक, वॉशिंग सेंटरवाला. त्याने पाण्याचा फवारा भलतीकडे मारला असेल. दुसरा आपला मेकॅनिक नवनाथ, त्याने मागच्या वेळी काहीतरी सैल ठेवलं असेल. तिसरा वॉचमन."

"वॉचमनने काय केलं?"

"त्याचा चेहराच तसा आहे."

"आणि चौथे तुम्ही?"

"मी?" डॉक्टर मनापासून हसले. "अगं, मी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळतो."

मग तपासणी सुरू झाली. लंगड्या जनावराला तपासायची रीत अशी, की मालकाने त्याला कासऱ्याला धरून हळूहळू चालवायचं आणि डॉक्टरने बाजूने चालत पाय बघायचे. डॉक्टर हे सोडून दुसरी कुठलीही रीत मानायला तयार नव्हते. त्यांनी किल्ली मोहिनीच्या हातात दिली.

"मी?" मोहिनी म्हणाली. "मी ही कधी चालवलेली नाही."

"पहिल्या गिअरमध्ये फक्त सोसायटीभोवती फिरव. मला चाल बघायचीय."

मोहिनी साडीचा बोंगा सावरत, एका हाताने दाराला आणि दुसऱ्या हाताने देवाला धरून वर चढली. गाडी गोगलगायीच्या वेगाने निघाली. डॉक्टर पुढच्या डाव्या चाकाशेजारी कमरेत वाकून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून चालू लागले. मध्येच ते "थांब" म्हणत, चाकाच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप लावत, डोळे मिटत आणि पुन्हा "चल" म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या छायाताई वाळत घातलेले पापड सोडून गॅलरीच्या कठड्याला आल्या.

"डॉक्टर, किती दिवस बाकी आहेत हो?" त्यांनी वरून विचारलं.

"कशाला?"

"व्यायला!"

डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. विद्वान माणसाने समाजाच्या टीकेकडे लक्ष दिलं असतं तर आज एकही लस निघाली नसती, असं ते नेहमी म्हणत. तिसऱ्या फेरीला त्यांनी निर्णय दिला. "डावा पुढचा पाय. मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही. चल, द्वारकेला नवनाथकडे. तूच चालव, मला पायावर लक्ष ठेवायचंय."

नवनाथचं गॅरेज द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत होतं. नवनाथ हाही आत्मविश्वासात डॉक्टरांपेक्षा तसूभर कमी नव्हता. त्याने गाडीला आपला स्कॅनर जोडला, पडद्यावरची अक्षरं वाचली आणि डॉक्टरांनी सांगितलेलंच डॉक्टरांना नव्याने सांगितलं. "पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. चाक किती जोरात फिरतंय ते हा गाडीला सांगतो. त्याने बोलणं बंद केलं की गाडी गोंधळते. चार पायांपैकी एकाचा पत्ताच नाही म्हटल्यावर ती फोर व्हील कशी लावणार? सेन्सर गेलाय. नवा टाकू."

"का गेला?" डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "मागच्या वेळी तू काही केलं होतंस?"

"मी? सर, मी तर मागच्या चाकांचं काम केलं होतं. कंपनी फॉल्ट आहे हा."

'कंपनी फॉल्ट' हे शब्द डॉक्टरांना परवडणारे नव्हते. कंपनीचा दोष म्हणजे गाडीचा दोष, आणि गाडीचा दोष म्हणजे हिरामण. "कंपनी फॉल्ट नाही," ते ठासून म्हणाले. "माणसाचा फॉल्ट आहे. शोधू आपण."

नवा सेन्सर बसला. दिवे विझले, काटा शहाण्यासारखा हलू लागला. नवनाथने हात पुसले आणि एक चक्कर मारून यायला सांगितलं. मोहिनीने गाडी द्वारका चौकात आणली आणि तिथेच सगळं बिनसलं.

चौकात नेहमीसारखीच वाहनं एकमेकांना चिकटून उभी होती. डांगी रिक्षा आणि उसाच्या गाडीच्या मध्ये इंच-इंच सरकत होती. अचानक काटा उसळला आणि सरळ एकशे वीसवर जाऊन थरथरू लागला. पाठोपाठ गाडी कर्कश ओरडायला लागली, की वेग मर्यादेबाहेर गेलाय, वेग मर्यादेबाहेर गेलाय. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून डांगीच्या चाकांकडे बघितलं. ती जागची हलत नव्हती.

"हाच क्षण!" डॉक्टर ओरडले. "दुखणं अंगावर असताना बघितलं पाहिजे. तू चालू ठेव." आणि दार उघडून ते थेट चौकात उतरले.

पुढच्या रांगेला जरा जाग आली आणि डांगी पावलापावलाने सरकू लागली. डॉक्टर वाकून चाकाबरोबर चालू लागले. इकडे गाडीचा समज पक्का झाला होता, की आपण महामार्गावर सुसाट सुटलो आहोत. अशा वेळी आतल्या माणसांच्या सुरक्षेसाठी जे करायचं ते तिने केलं. खट्कन चारही दारं लॉक केली.

"मोहिनी, दार उघड!"

"कुठलं बटण?" आतून आवाज आला. गाडी ओरडत होती, मोहिनी एकामागून एक बटणं दाबत होती. वायपर फिरू लागले. मागची काच वर गेली, खाली आली. तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्या बसने भोंगा वाजवला आणि मोहिनीला पुढे जाण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. डॉक्टर गाडीच्या काचेवर थापा मारत धावू लागले.

चौकातला पोलीस कौतुकाने बघत होता. "ओ काका! गाडीबरोबर पळताय कशाला? आत बसायचं ना!"

"दारं लॉक झालीत!"

"मग घरी जाऊन भांडा की. इथं ट्रॅफिक अडतंय."

आपण भांडत नसून निदान करतोय हे समजावायला डॉक्टर थांबले, आणि तेवढ्यात डांगी त्यांच्या देखत उड्डाणपुलावर चढून दिसेनाशी झाली. पुलावरून परत फिरायचं तर आडगावकडे जाऊन यावं लागतं. डॉक्टर घामाघूम होऊन पायीच गॅरेजला आले आणि नवनाथच्या बाकड्यावर टेकले. मोहिनी बराच वेळ आली नाही. इतका वेळ, की नवनाथने दुसऱ्यांदा चहा मागवला.

ती आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि लक्षणं टिपली. चेहरा लाल. श्वास जोरात. केस विस्कटलेले. तोंडातून शब्द नाही. वीस वर्षांच्या संसारात डॉक्टरांना या लक्षणांचं एकच निदान माहीत होतं. बाई संतापली आहे, आणि हा संताप साधा नाही. डांगीचा आता निकाल लागल्यातच जमा आहे.

"मोहिनी, मी काय म्हणतो..."

"नंतर," मोहिनी म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

डॉक्टरांनी पुढचं काम हाती घेतलं. नवनाथ म्हणत होता, आता गाडीचा मेंदूच बदलायला लागेल. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हात लावायचा नाही. आधी एक कर. डावीकडचा सेन्सर उजवीकडे टाक आणि उजवीकडचा डावीकडे. दुखणं सेन्सरचं असेल तर ते त्याच्याबरोबर उजवीकडे जाईल. जागेचं असेल तर डावीकडेच राहील."

नवनाथने कुरकुरत अदलाबदल केली आणि गल्लीत एक फेरी मारून आला. स्कॅनरने पुन्हा पुढच्या डाव्या चाकाकडेच बोट दाखवलं.

"बघितलंस?" डॉक्टर म्हणाले. "सेन्सर निरोगी. दोष जागेत. चाक काढ."

नवनाथने जॅक लावला, चाक काढलं. आतली बाजू पेठच्या वाळलेल्या लाल चिखलाने लिंपलेली होती. नवनाथ उजेडासाठी बॅटरी आणायला आत गेला, पण डॉक्टरांना बॅटरीची गरज नव्हती. त्यांनी शर्ट काढून ठेवला, बनियनवर जमिनीला पाठ टेकून आडवे झाले, डोळे मिटले आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. आंधळ्या हाताने गाईच्या पोटातल्या वासराचा पाय ओळखणारा माणूस तो, त्याला लोखंडाचं काय कौतुक! बोटं सरकत गेली. ही ब्रेकची नळी. ही सेन्सरची वायर. हा सेन्सर. आणि त्याच्या अगदी वर, चिखलाच्या पोपड्यात...

"मिळालं!" डॉक्टर ओरडले. विजयाने त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

पुढच्या क्षणी मनगटावरचं स्टीलचं घड्याळ टक् आवाज करून तिकडे ओढलं गेलं, आणि डॉक्टरांचा आवाज बंद झाला.

बोटाएवढी गुळगुळीत कांडी. दोन्ही टोकं गोल. डॉक्टरांनी अशा कांड्या शेकड्यांनी हाताळल्या होत्या. जनावराने चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळला की त्याला ही चुंबकाची कांडी गिळवतात. ती पोटात बसते आणि तारा-खिळे धरून ठेवते. त्यांना सगळं आठवलं. वरच्या पाड्यावर मंगळूच्या गाईने तार गिळली होती. डॉक्टर चाकाच्या आडोशाला बसून हात धूत होते. चुंबक चिखलात पडू नये म्हणून त्यांनी ते चाकामागच्या लोखंडाला चिकटवलं होतं. 'चुंबक ठेवायला याच्यासारखी जागा नाही,' असंही तेव्हा मनात म्हटलं होतं. नंतर ते सापडेना, म्हणून मंगळूला झापलं होतं आणि बॅगेतून दुसरं काढलं होतं. तेव्हापासून ते घाटाच्या धक्क्यांनी इंच-इंच सरकत सेन्सरच्या डोक्यावर येऊन बसलं होतं, आणि लोहचुंबकाच्या भरवशावर चालणारा तो बिचारा सेन्सर त्याच्या गोंगाटात वेडा झाला होता.

जनावर आपणहून आजारी पडत नाही. डॉक्टर गाडीखाली तसेच पडून राहिले. तिथे फार शांत होतं.

"काय मिळालं?" मोहिनीचा आवाज आला.

डॉक्टरांनी कांडी पँटच्या खिशात सारली आणि बाहेर आले. "खडा," ते म्हणाले. "खडा अडकला होता."

नवनाथने चाक चढवलं, गाडी सुरू केली, फेरी मारली. एकही दिवा लागेना, काटा मुंगीसारखा शिस्तीत चढे आणि उतरे. त्याने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. "मानलं सर. मी मेंदू बदलणार होतो, तुम्ही डोळे मिटून खडा काढलात."

"खडा कुणी टाकला?" मोहिनीने विचारलं.

"टाकेल कोण? रस्त्यावरून उडाला असेल."

"म्हणजे माणसाचा दोष नाही."

"नाही."

"मग गाडीचाच," मोहिनी म्हणाली. "एका खड्याने आजारी पडते ती फोर व्हील काय कामाची? बरोबर ना?"

तिचं बरोबर होतं. सकाळी स्वतःच्या तोंडाने 'कबूल' म्हटलं होतं. खडा राहिला तर डांगी जात होती. डांगी राहायची तर खडा जायला हवा होता. मधला रस्ता कुठेच नव्हता.

घरी जाताना गाडी मोहिनीनेच चालवली. डॉक्टर नको म्हणाले नाहीत, त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पाड्यावरची चढण होती. पावसाळ्यात त्याच चढणीवर डांगीने त्यांना अडलेल्या म्हशीपर्यंत पोचवलं होतं आणि रेडकू आणि म्हैस दोघंही वाचली होती. उद्या त्या सीटवर हिरामणचं गिऱ्हाईक बसणार, कांद्याची पोती भरणार. माणसाने चूक कबूल करणं अवघड, नवऱ्याने बायकोपुढे करणं त्याहून अवघड, आणि डॉक्टर खैरनारांनी तर ते आजवर करून बघितलेलंच नव्हतं. पण वाटेत उपनगर नाक्याचा सिग्नल लागला तेव्हा त्यांनी खिशात हात घातला.

"मोहिनी, खडा नव्हता तो."

"मग?"

"हे होतं." त्यांनी कांडी दाखवली. "माझं आहे. गाईला द्यायचं चुंबक. मी ठेवलं होतं तिथे. स्वतःच्या हाताने. विसरलो. मंगळूवर उगाच ओरडलो, नवनाथवर संशय घेतला, त्या वॉचमनचा तर चेहरा सोडून काही गुन्हा नव्हता. डांगीत खोट नाही गं. खोट पाळणाऱ्यात आहे. हवं तर मी हे छायाताईंच्या गॅलरीखाली उभा राहून सांगतो. पण तिला विकू नको."

मोहिनीने समोर बघत गिअर टाकला. सिग्नल सुटला. एक रिक्षा आडवी येऊ बघत होती, ती डांगीला पाहून मुकाट्याने मागे झाली.

"झालं बोलून?" मोहिनी म्हणाली.

"झालं."

"दादा उद्या येत नाहीये. दुपारीच मी त्याला नको म्हणून कळवलं. आडगावला गाडी बाजूला घेतली आणि फोन केला. गाडी आम्ही ठेवतोय म्हणाले."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "दुपारी? पण तेव्हा तर दुखणं सापडलंही नव्हतं! आणि तू तर आलीस तेव्हा संतापली होतीस."

"कोण संतापलं होतं?"

"चेहरा लाल होता. श्वास फुलला होता. बोलत नव्हतीस."

"अहो, आनंदाने!" मोहिनी म्हणाली. "पहिल्यांदा जीव घशात आला होता. पण पुलावर चढले, आणि ट्रक काय, बस काय, सगळे बाजूला व्हायला लागले. स्कूटीला आजवर कुणी एवढी वाट दिलीय? वरून सगळं नाशिक दिसत होतं. काटा कधी शून्यावर, कधी एकशे वीसवर, त्यामुळे आपण किती जोरात चाललोय याचाही काही ताण नाही. आडगावला वळायचं होतं, मी आणखी पुढे जाऊन आले."

"मग मला गॅरेजमध्येच का नाही सांगितलंस? खड्याच्या वेळी तरी सांगायचंस!"

"सांगणार होते. पण खडा म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. म्हटलं, थांबावं थोडं." ती हसली. "आणि आत्ता काय छान बोलत होतात हो! मध्ये तोडायचं जिवावर आलं."

डॉक्टरांनी हिशेब करून बघितला. त्यांनी आयुष्यातला पहिला कबुलीजबाब दिला होता, आणि त्याची काडीचीही गरज नव्हती. पण डांगी वाचली होती. शेवटी ते महत्त्वाचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि रात्री मोठ्या समाधानाने झोपले.

सोमवारी सकाळी अंघोळ करून बाहेर येतात तो मंगळूचा फोन वाजत होता.

"डॉक्टर, गाय पुन्हा खात नाय. वर येता का आज?"

"येतो की! लगेच निघतो," डॉक्टर म्हणाले आणि किल्लीसाठी खुंटीकडे हात नेला. खुंटीवर स्कूटीची किल्ली लटकत होती. ते खिडकीशी गेले. पार्किंगची जागा लांबलचक, मोकळी आणि स्वच्छ पडली होती. वॉचमन तिथे निवांत झाडू मारत होता.

"ताई गेल्या शाळेत," त्याने वर बघून सांगितलं. "जाताना दोन बाईंना बसवून घेतलं. म्हणाल्या, उद्यापासून रोज."

फोनवर मंगळू अजून होता. "हॅलो डॉक्टर? निघाले ना?"

"मंगळू, असं कर. आज गाईला नुसतं कोमट पाणी पाज आणि चारा देऊ नको. मी जेवढं जमेल तेवढं स्कूटीवर येतो. चढणीच्या खाली कुणाला तरी पाठव, तिथून पायी येऊ."

"पायी? आन् गाडी? बिघडली का?"

"नाही, नाही. ठणठणीत आहे."

"मंग इकली का काय? तुमचीच होती ना ती?"

डॉक्टरांनी मोकळ्या पार्किंगकडे पुन्हा एकदा बघितलं.

"विकेन कशाला?" ते म्हणाले. "घरचीच आहे."